खालचा झोत

तपासणी केंद्राचं शटर वर गेलं
तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि बाहेर रात्र.
डिसेंबरात केमियार्वीला उजाडतं ते रीत म्हणून.
तावेत्तीची निळी गाडी आत शिरली
आणि भिंतीवरचे पाने, अग्निशामक, हेल्काचा कॉफीचा मग
सगळं एकदम पांढरं पडलं,
चोरी पकडल्यासारखं.

"आधी बंद कर," हेल्का म्हणाली, मनगट डोळ्यांवर.
"काय दिवे लावलेस हे?"

तो हसला. ऐंशीला दोन कमी.
नातवानं मागवले, म्हणाला, पार्सलनं आले,
खोक्यावर डरकाळी फोडणारा वाघ,
किंमत दोन किलो कॉफीपेक्षा कमी.
मीच बसवले. पंधरा मिनिटं लागली, एक नख गेलं.

तिनं झोत मोजायचं यंत्र ढकलत बंपरपुढे आणलं.
त्याच्या छोट्या पडद्यावर एक रेघ दिसायला हवी होती,
खाली उजेड, वर काळोख,
उजव्या कडेला जराशी चढलेली,
शहाण्या मुलानं पट्टी धरून आखावी तशी.
रेघ नव्हतीच.
उजेड नुसता सांडला होता,
समोरच्या माणसाच्या कपाळापर्यंत.

"ही आतली वाटी तारेसाठी घडवलेली आहे, तावेत्ती.
तार जळते तो एक ठिपका तिला ठाऊक.
तू तिथे भलत्यालाच आणून बसवलंस."

"पण मला दिसतं," तो म्हणाला.
"सल्लाच्या रस्त्यावर, नोव्हेंबरात, तीन रेनडियर.
थांबलो. मोजले. जाऊ दिले.
जुन्या दिव्यांत ते मला धडकेनंतर कळले असते."

"आणि समोरून?"

"कुणीतरी होतं. डिपर मारत होतं सारखं.
वाटलं, ओळखीचं असेल.
मीही मारला."

हेल्का वाकून नळी गुंडाळत राहिली.
त्या रात्री सल्लाच्या रस्त्यावर
ती गाडी बर्फाच्या कडेला घेऊन बसली होती,
डोळ्यांपुढचे काजवे विझेपर्यंत,
स्टिअरिंगला धरून, जणू तेही पळून जाईल.
हे तिनं त्याला सांगितलं नाही.

फॉर्म भरला. बल्बवर मान्यतेची खूण नाही.
झोत वर. रेघ नाही. नापास.

त्यानं कागद दूर धरला, मग जवळ, मग परत दूर.
"आणि डोळ्यांचा रकाना कुठे आहे?"
"तो माझ्या फॉर्मात नसतो. डॉक्टरच्या असतो."
"डॉक्टर रोवानिएमीला."
"हो."
"तो काय लिहील ते मला माहीत आहे," तावेत्ती म्हणाला,
आणि टोपीची कानपट्टी उगाच खाली-वर केली.

जुने बल्ब त्यानं टाकले नव्हते.
डॅशबोर्डच्या कप्प्यात होते, लोकरी मोज्यात गुंडाळून.
हेल्कानं स्वतः बसवले. पावती केली नाही.
भिंतीवर लोण्याच्या रंगाचा उजेड पडला,
आणि पडद्यावर रेघ आली.
तो वाकून बराच वेळ बघत होता.
"एवढंच?"
"एवढंच."

वाघाचं खोकं त्यानं काउंटरवरच ठेवलं.
ते अजून तिथे आहे. त्यात ती फ्यूज ठेवते.

चारला शटर ओढून ती निघाली
तर सरोवराच्या वळणापलीकडे
दोन लाल दिवे, चाळीसच्या वेगानं,
रस्ता चाचपत चाललेले.
ती मागे राहिली. मग पुढे गेली.
मग तिनंही काटा चाळीसवर आणला.

आरशात दोन पिवळे ठिपके,
डोळ्यांत न येणारे, बर्फाला धरून सरपटणारे,
तिच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर लावून.
अकरा किलोमीटर.
मागून आलेल्या लाकडाच्या ट्रकनं दोघांनाही हॉर्नच्या शिव्या घातल्या.

त्याच्या फाट्याशी ठिपके वळले
आणि वळता वळता एकदा उंच झाले, पुन्हा खाली.
डिपर.
या वेळी ओळखीचा.

पुढे रस्ता मोकळा होता.
तरी कितीतरी वेळ ती चाळीसनंच गेली.