विस्तव सुटलाय बाहेर

रुरिकच्या घरात बूट दाराशी काढायचे
आणि भाषा निवडायची
समोर कोण येतं ते बघून.
मी मावशी. मला एकच येते.
मुलांच्या बापाची स्वीडिश मला
भिंतीपलीकडच्या रेडिओइतकी कळते,
सूर सगळा, शब्द एखादाच.

थोरला वाल्डेमार पाच वर्षांचा होता
तेव्हा जेवणाच्या टेबलावरचा दुभाषा होता.
माझ्या बहिणीने, मार्युतने, मीठ मागितलं
की मान वळवून तो बापाला सांगायचा.
इतकी वर्षं आमच्यात राहून
मीठ न कळण्याइतका अडाणी नव्हता रुरिक,
पण पोराचा मान राखायचा.
सांगितल्यावरच हात पुढे करायचा.

धाकटा टोर्स्टी तीन वर्षांचा झाला तरी बोलेना.
दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, एक भाषा बंद करा.
कुठली, ते म्हणाल्या नाहीत.
त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा
फार उशिरापर्यंत जळत होता.
सकाळी दोघांनीही आपापली चालूच ठेवली.

मग मार्चमध्ये,
ओलसर बर्फ बुटाच्या टाचेला धरून बसतो त्या दिवसांत,
पोरगं पायरीवरून म्हणालं, "लुस्नो."
आईचं लुमी, बापाचं स्नो,
एकाच मुठीत दाबून केलेला गोळा.
आम्ही सगळ्यांनी थोरल्याकडे बघितलं.
त्याला काही नवल नव्हतं.
"तो बोलतोच की," म्हणाला.
"माझ्याशी."

आमच्या भाषेत तुली म्हणजे विस्तव
आणि तूली म्हणजे वारा.
मध्ये अंतर अर्ध्या श्वासाचं.
रुरिकला तेवढा श्वास काही सापडला नाही.
बंदरावरून यायचा, खांद्याने दार लोटायचा,
म्हणायचा, "फार विस्तव सुटलाय बाहेर!"
आणि दोघं गालिच्यावर गडाबडा लोळायचे.
धाकट्याला उचकी लागायची हसून हसून.
मार्युत तेवढी हसायची नाही.
त्याच्या मफलरला हात लावून बघायची,
खरंच कुठे जळलंय का.

नवव्या वर्षी थोरला फुटबॉलच्या संघात गेला
आणि घरी आला तो फिनिश घेऊनच.
बाप विचारायचा एका भाषेत,
पोरगा उत्तर द्यायचा दुसरीत.
भांडण नव्हतं ते.
भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

पण कुत्री होती, सागा.
ती बंदरावरची, रुरिकच्या हाताखाली वाढलेली.
आमच्या भाषेत "बस" म्हटलं
तर खिडकीबाहेर बघत उभी राहायची.
बापाशी टाकलेली भाषा
थोरल्याला कुत्रीशी टाकता येईना.
एकदा सरपणाच्या खोपटामागे मी ऐकलं,
तो तिला काहीतरी सांगत होता, बराच वेळ,
अगदी बापाच्याच सुरात.
मला दोनच शब्द कळले:
पप्पा, आणि नाही.

मी रुरिकला बोलले नाही.
भाषा नव्हती म्हणून, असं नाही.

आता धाकट्याचा आवाज फुटलाय.
दोन्ही भाषांत मध्येच चिरकतो,
आणि तो चिडतो मात्र भावासारखा, फिनिशमध्ये.
लुस्नो म्हटलं की दार आपटून जातो.

थोरला परवा निघाला, जहाजावरच्या नोकरीला.
बॅग दाराशी. टॅक्सी फाटकाशी.
त्याने दार उघडलं, थंडी आत आली,
आणि दोन्ही स्वर जन्मापासून ओळखणारा तो
बापाकडे न बघता म्हणाला,
"विस्तव सुटलाय बाहेर."

कोणी हसलं नाही.
रुरिकने स्वतःच्या गळ्यातला मफलर काढला,
पोराच्या गळ्यात दोनदा गुंडाळला,
आणि म्हणाला, "तूली."
स्वच्छ. लांब. अर्ध्या श्वासासकट.

कधीपासून येत होतं त्याला, कोण जाणे.
धाकट्याने माझ्याकडे बघितलं,
मी मार्युतकडे.
सागा शेगडीपाशी पडून होती,
तिने कानसुद्धा हलवला नाही.
तिच्या भाषेत कोणी काही बोललंच नव्हतं.