बाहेर जाणाऱ्या गाड्या

शिरोली नाक्यावर एकवीस वर्षं मी पावत्या फाडल्या.
आत येईल त्याचीच जकात. कोक, भंगार, पिग आयर्न,
साड्यांचे गठ्ठे, एकदा सर्कशीचा अख्खा तंबू.
बाहेर जाणाऱ्या गाडीला नुसता हात करायचा.
काय घेऊन चाललाय, हे लिहायला
आमच्या रजिस्टरात रकानाच नव्हता.

पुढं जकात गेली, नाका उठला.
काटा भंगारात निघाला,
वजनं कुणी नेली ठाऊक नाही.

आता वरच्या खोलीत सन्मती बसते, माझी धाकटी.
दोन पडदे, एक इन्व्हर्टर, गार झालेला चहा.
पडद्यावर पंपाचं घर गरागरा फिरतं
आणि तांबड्याचं हळूहळू निळं होतं.
"हे काय गं?"
"लोखंड थंड होतंय, अण्णा. अजून ओतलेलं नाही.
ओतल्यावर भोक कुठं पडेल, ते आधी सांगायचं."
"कुणाला?"
"स्लोव्हेनियात एक फौंड्री आहे."
देश केवढा, विचारलं.
म्हणाली, माणसं आपल्या अर्ध्या जिल्ह्याएवढी.
ऐकून का कोण जाणे, मला बरं वाटलं.
आपणही राज्यच होतो की एकेकाळी,
स्वतःची रेल्वे असलेलं.

दिवाळीच्या तोंडावर तिचं एक गणित चुकलं.
तिकडं चाळीस नग तडकले.
रात्रभर दिवा चालू. सकाळी मला वाचून दाखवलं:
चूक माझी आहे. पैसे नकोत. पुन्हा करून देते.
मी म्हटलं, असं कुणी लिहितं काय?
वाळूवर ढकल की.
ती काही बोलली नाही, बटण दाबलं.
मला मात्र चौऱ्याण्णव सालचा एक ट्रक आठवला.
ऐंशी क्विंटलचे आठ झाले होते माझ्या हातून.
ड्रायव्हर गप्प, मी गप्प.
ते शून्य अजून माझ्याकडंच आहे.

मग ती चित्राचा कागद घेऊन उद्यमनगरात गेली,
बाळगोंडा मामाकडं.
पंचेचाळीस वर्षं वाळू कुटलेला मोल्डर,
डाव्या कानानं आता ऐकू येत नाही.
त्यानं हात पँटला पुसला, कागदावरनं फिरवला,
साच्यावरनं फिरवतात तसा.
"हितं वारं कोंडतंय, पोरी. हितं एक रायझर बसीव."
कॉम्प्युटरला हेच पटायला सहा तास लागले.

नग चांगले निघाले.
त्या फौंड्रीनं शेजारच्या फौंड्रीच्या कानात सांगितलं.
वरच्या खोलीत आता तीन खुर्च्या आहेत,
कागलची एक पोर, गडहिंग्लजची एक.
दुपारी जेवण झालं की दोघी
जर्मन आकडे पाठ करतात, उलटेच बोलतात म्हणे तिकडं,
आधी एकं मग दहं.
लाईट गेली की तिघी एकदम जिन्याकडं बघतात.

शाहूपुरीतल्या बँकेत युरो आले.
खिडकीतला पोरगा म्हणाला, माल कुठला पाठवला?
माल नाही.
बिल्टी?
नाही.
मग गेलं काय?
सन्मतीनं माझ्याकडं बघितलं.
आयुष्य काट्यावर काढलेला माणूस मी,
मला तरी कुठं सांगता येत होतं.

तिच्या बिलात एक ओळ वेगळी असते:
साच्याची पाहणी, बाळगोंडा आण्णू चौगुले.
त्याच्या वाट्याचे पैसे घेऊन आम्ही गेलो,
तर मामा नोटा मोजायचंच विसरला.
"आरं, मी तर हितनं हाललोबी न्हाई," म्हणाला,
आणि चहावाल्याला तीन कट सांगितले.

रात्री साडेअकराला वरनं आवाज येतो:
गेलं, अण्णा.
मी अंथरुणावर पडल्या पडल्या
अंधारातच हात करतो.