ताट

पहाटे चारला लोणी अजून ऐकतं.
पाचनंतर ते बोटांतून निघून जातं.
म्हणून गच्चीवर, टाकीच्या आडोशाला,
परात मांडीत घेऊन मी मैदा चोळते.
खाली गल्लीभर मागांची खडखड,
रात्रपाळी सुटायला अवकाश आहे.
काल पारा त्रेचाळीसवर होता;
फरशी अजून तेच धरून बसलीय.

नरसिमलू शिमल्याकडून आला, चादरी विकून.
गाठोड्यात एकच उरलेली, जांभळी,
कुणालाच न आवडलेली,
आणि काखेत जर्दाळूंचं खोकं.
दोन रात्री, एक दिवस रेल्वेत;
निम्मे वाटेतच नासले.

आम्हाला ठाऊक तो सुकलेला जर्दाळू,
सुरकुतलेला, हैदराबादच्या चिन्नम्माने
लग्नात पाकात शिजवलेला.
हा मऊ. तान्ह्याच्या कानाच्या पाळीसारखी लव.
हातात घेतला आणि उगीच ठेवून दिला.

"एका म्हातारीनं खायला दिलं होतं, अक्का.
केक नाही. खाली बिस्किटासारखं काहीतरी,
काठ असा वर वळवलेला,"
त्याने हवेतच काठ वळवला,
"आणि वर ही फळं, पोट उघडं टाकून झोपलेली."
नाव?
"टार्ट."
कसं करतात, विचारलंस?
"चादरीचा भाव चालला होता. तेव्हा कुठं विचारू?"

काठ मात्र मला येतो.
एकोणीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात
मी काठच दुमडले, डझनावर मजुरी.
अंगठ्यानं दाब, बोटानं वळव, पुढे सरक.
मैद्यालाही तेच कळलं.
फक्त सुई नव्हती, आणि मुकादम.

बिया बत्त्यानं फोडल्या.
आत बदामासारखा पांढरा गर,
पहिला चाखला तर कडू जहर.
सगळा गर कचऱ्यात, त्याचा मोह नको.
तळाला भाजलेल्या शेंगांचं कूट पसरलं,
रस खाली उतरू नये म्हणून.
म्हातारीनं हे केलं नसणार.
तिला कुठल्या मिळायला आमच्या शेंगा!

ओव्हन नाही. मौलालीची भट्टी आहे.
सुट्टीत सगळी गल्ली तिथे नानकटाईचे डबे घेऊन उभी,
डोक्यावर पदर, हातात टोकन.
डबा उघडा बघून एकीनं विचारलं, पपई का?
दुसरी म्हणाली, भोपळा असंल.
तिसरीनं वास घेतला आणि काहीच बोलली नाही.
मौलाली कानावरची पेन्सिल काढून म्हणाला,
"नाम बोलो, काय लिहू?"
टार्ट.
त्यानं चिठ्ठीवर लिहिलं: ताट, १ नग.
मी दुरुस्त केलं नाही.
लांब फळीवरून माझं ताट आत गेलं,
आणि आम्ही बायका बाहेर भाजत राहिलो.

निघालं तेव्हा एक बाजू काळपट,
रस उकळून कडेला चिक्कीसारखा कडक.
कारखान्यातून नापास झालेला टॉवेल
ओला करून डोक्यावर घेतला, वर ताट,
आणि साडेबाराच्या उन्हातून घर.

नरसिमलूनं उभ्यानंच तुकडा मोडला.
तसंच झालं का?
तो बराच वेळ चावत राहिला.
"तसं नाही," म्हणाला.
"तिथं गार होतं, अक्का. मी स्वेटर घालून खाल्लं होतं."
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
उठला, पंखा बंद केला,
गाठोड्यातली जांभळी चादर काढून
कानापर्यंत पांघरून बसला,
आणि दुसरा तुकडा घेतला.
कपाळावरून घाम, मिशीत साखर.
पोरं हसून हसून आडवी.
"आता," तो म्हणाला, "आता जरा जरा."

चिठ्ठी ताटाच्या तळाला चिकटून राहिली होती,
निम्मी जळलेली.
फळं पोरांनी संपवली.
मी काठ खाल्ला.
काठ चांगला झाला होता.