एकशे आठ बिजागऱ्या

सकाळी साडेपाचला मी तळमजल्यापासून सुरुवात करतो.
छत्तीस खोल्या, दाराला तीन,
म्हणजे एकशे आठ बिजागऱ्या,
प्रत्येकीला एक थेंब.

अल्गार्व्हच्या या किनाऱ्यावर आम्ही शांतता विकतो
आणि ती आपोआप होत नाही.
खुर्च्यांच्या पायांत लोकरीचे मोजे,
चमच्यांच्या खणात मखमल,
बर्फाच्या यंत्राला दोन भिंतींपलीकडे वनवास.
लिफ्ट मजला आला तरी घंटा देत नाही,
नुसती थांबते,
काही आठवल्यासारखी.
टाचणी पडली तरी ऐकू येईल म्हणतात.
आम्ही टाचण्या ठेवतच नाही.

उरते ती गाज.
तिला तेल घालता येत नाही,
म्हणून माहितीपत्रकात तिला सोयींच्या यादीत घेतलंय,
गरम पाण्याच्या तलावानंतर, न्याहारीच्या आधी.

पूर्वी इथे सार्डिन डबाबंद करायचा कारखाना होता.
होड्या खाडीत शिरल्या की भोंगा व्हायचा,
रात्री दोनला, पहाटे चारला, मासळी येईल तेव्हा,
आणि गावातल्या बाया अंथरुणातून उठून धावायच्या
केस बांधत,
झोपलेली पोरं शेजारणीकडे टाकून.
झुल्मीरा तेव्हा तेरा वर्षांची.
डब्यांना झाकण ठोकणाऱ्या यंत्राकडे
उजवी बाजू करून ती बारा वर्षं उभी राहिली.
आता तिथे मालिशचं टेबल आहे, लव्हेंडरचा वास आहे,
आणि तिथेच ती टॉवेलांच्या घड्या घालते.
रात्रीला सहाशे युरो मोजून लोक जी घेतात
ती झुल्मीराच्या उजव्या कानात
कधीची फुकट येऊन बसलीय.
"भाडेकरू आहे," म्हणते,
"भाडं देत नाही, जातही नाही."
आम्ही सगळे तिला डावीकडून हाक मारतो.

मागच्या आठवड्यात चौदा नंबरात
डेन्मार्कच्या थोरुपबाई उतरल्या, एकट्या.
तिसऱ्या पहाटे खाली आल्या,
अनवाणी, हॉटेलचा पांढरा झगा,
डोळ्यांखाली रात्र तशीच.
झोप येत नाही, म्हणाल्या.
मी घाबरलो. कसला आवाज येतो का?
"नाही ना. कुणी आत आलं तर कळणार कसं?"
कोण येणार आहे, मी विचारलं.
विचारायला नको होतं.
त्यांनी झग्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.
"कुणी नाही. पण कळायला हवं."

त्या दिवशी चौदाच्या दाराची वरची बिजागरी
मी कापसाने कोरडी पुसली,
मग मिठाचं पाणी लावलं.
समुद्र उशाशी असल्यावर
गंज काही विकत आणावा लागत नाही.
दुसऱ्या दिवशी दार गप्प.
तिसऱ्या दिवशी त्याने घसा खाकरला.
चौथ्या दिवशी झुल्मीरा न्याहारीचा ट्रे घेऊन गेली
आणि अख्खा मजला
त्या एका करकरीने उभा चिरला.
ती थबकली. मान वळवून डावा कान पुढे केला.
मग दार ओढून घेतलं
आणि पुन्हा उघडलं,
या वेळी सावकाश, शेवटपर्यंत.

मॅनेजर दोना लुर्देस जिन्यात उभी होती.
"अबिलिउ," ती कुजबुजली, "तेल संपलं का?"
मी कुपी वर धरली. भरलेली.
आत थोरुपबाई झोपलेल्या,
तोंड उघडं, एक पाय दुलईबाहेर,
दहा वाजेपर्यंत.
चहा गार झाला. कुणी उठवलं नाही.

शनिवारी त्या गेल्या.
मला वाटलं काही बोलतील, पण टॅक्सी लवकर आली.
आज त्या खोलीत लिस्बनचं नवं जोडपं उतरतंय,
निरव शांतता हवी, असं त्यांनी दोनदा कळवलंय.
मी चौदाच्या दाराशी कुपी तिरकी केली,
मग सरळ केली,
पुढे गेलो.

एकशे सात.
तक्रार येईल. येऊ दे.