पुरले

सकाळी सुपात तुरीच्या शेंगा ओतते मी.
सोलायच्या आधी सांगायचं, आत दाणे किती.
हिरव्या सालीवरून अंगठा चालतो,
फुगवटा, खाच, फुगवटा, खाच,
डोळे मिटलेले, जीभ ओठाबाहेर.
"तीन हायेत, बाई."
फोडली की निघतात चार.
एक टोकाशी, चपटा, भरायचा राहिलेला.
"थो नाय धराचा, लहान हाये थो."
मग भांडण. लहान्याला धरायचं की नाही?
मी मधे पडले नाही.
नाही म्हणणाऱ्याच्या घरी
गेल्या आठवड्यात पाळणा बांधलाय.

भाविक टेकामला आकडे येत नाहीत.
एक, दोन, पाच, अकरा, पाच,
शेळी धुऱ्यावरून जाते तशी त्याची मोजणी,
मधेच उडी, मधेच कुणाच्या तरी पऱ्हाटीत तोंड.
मी सहा चिंचोके जवळजवळ मांडले,
खाली दुसरे सहा, ऐसपैस.
"जास्त कुठं, रे?"
त्यानं खालच्या ओळीवर अख्खा हात ठेवला.
"इस्कटले म्हून वाढले."
चूक आहे, म्हणायला तोंड उघडलं
आणि आमचं सहा एकर आठवलं.
दिरानं वाटा मागितला, मधे धुरा पडला,
दोन तुकडे बघून मलाही क्षणभर वाटलं होतं
की वाढलं.
धुऱ्यातच दोन तासं गेली, ते पेरणीला कळलं.
त्यालाही कळेल. चिंचोके कुठं जात नाहीत.

बारा वाजता मॅडम आल्या तपासणीला,
भुवयांवर पांदणीची धूळ.
"शंभरपर्यंत कोण म्हणतं?"
नव्या उठली, हात मागे बांधून सुटली सुसाट,
अडतीसपर्यंत.
पुढं अडली.
जे चाळीस अजून आलेच नाहीत
त्यांच्यातून एक आधीच उणा करायचा,
हे तिला पटेना.
मला तरी कुठं पटलं होतं त्या वयात.

तेवढ्यात खिचडीचा वास आला.
ताटं मांडायचं काम भाविकचं. त्यानंच मागून घेतलेलं.
तो थप्पी उचलत नाही.
एक ताट घेतो, एकाच्या पुढ्यात ठेवतो,
त्याच्या तोंडाकडे बघतो,
परत येतो, दुसरं घेतो.
चौदा पोरं, चौदा खेपा.
मग एक चुलीजवळ, अंजनाबाईसाठी,
एक माझ्या खुर्चीवर.

"किती ताटं मांडलीस?" मॅडमनी विचारलं.
त्यानं ओळीवरून नजर फिरवली, सावकाश,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"पुरले."
"अरे पण किती?"
"पुरले ना."

मॅडमच्या कागदावर तीन रकाने होते:
येते, येत नाही, प्रयत्न करतो.
पेन तिन्हींवरून फिरून
वर तसंच थांबलं.

भाविकचं लक्ष कागदाकडे नव्हतंच.
तो मॅडमकडे बघत होता, चपलांपासून वर, तोंडापर्यंत.
मग थप्पीच्या जागेकडे. तिथं नुसती फरशी.
पोरगं धावत बाहेर गेलं.
आलं ते पळसाचं पान घेऊन,
चड्डीला पुसलं, एकदा इकडून, एकदा तिकडून,
ओळीच्या शेवटी ठेवलं
आणि म्हणालं, "बसा."