दोन मुठी, एक बोट

नागपूरहून ते फार वर येत नाही.
क्षितिजापासून एकवीस अंश, बस्स.
हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवा,
वर एक बोट आडवं.
तेवढ्यावर येतं आणि उतरू लागतं,
चहा नको म्हणत दारातूनच वळणाऱ्या पाहुण्यासारखं.

हे बारापात्रे ऑपरेटरनं शिकवलं,
मानेवाड्याच्या सबस्टेशनात, रात्रपाळीत,
जुन्या लोडशीटच्या पाठकोऱ्या बाजूवर:
ओमेगा सेंटॉरी. एक मेला अकरा वाजून नऊ मिनिटांनी बरोबर दक्षिणेला.
पंधराला सव्वादहाच्या आत.
रोज चार मिनिटं आधी.
"चित्रा दक्षिणेच्या रेषेवर आली का बावा,
सरळ तिच्या खाली उतर. साडेतीन मुठी.
ओळंबा सोडल्यावानी."
मग त्यांची गोंदियाला बदली झाली.
कागद माझ्याकडे राहिला, आणि एक दुर्बीण,
जिची डावी नळी जरा हलते.

सहा उन्हाळे पाळत ठेवून आहे.
वहीत नोंदी, मीटर रीडिंगसारख्या.
तीन मे: धूळ.
अकरा एप्रिल, बारा अठ्ठावीस: चंद्र.
एकोणीस मे: ढेमसेंनी टाकी बसवली, काळी, हजार लिटरची,
नेमकी दोन मुठींवर.
पुढच्या वर्षी टाकी उचलली, तिथे खोली झाली,
खोलीवर पत्रे, पत्र्यावर हॅलोजन.
आणि त्यापलीकडे बेसा, पिपळा, थेट बुटीबोरीपर्यंत
आभाळाच्या बुडाला करपलेल्या दुधाचा रंग.
कुणाला बोलणार? त्यातल्या अकराशे बारा घरांचा उजेड
माझ्याच पकडीखालून जातो.
मी परमिट मागितलं की फीडर बंद होतो.
विनाकारण एकदाही मागितलं नाही.
नऊ मेपर्यंत तरी नाही.

त्या दिवशी सेहेचाळीस तापलं. संध्याकाळी वावटळ उठली,
पत्रे उडाले, चार टपोरे थेंब पडले न पडले,
आणि दहा वाजून सात मिनिटांनी सगळं बसलं.
फांदी निघाली, कडुलिंबाची, जम्परवर आडवी.
चेतराम खाली बॅटरी धरून.
मी वर, कमरेला पट्टा.
दहा एकतीसला फांदी खाली टाकली, जम्पर आवळला.
काम झालं होतं.

मग मान वळवली.
वाऱ्यानं धूळ खरवडून नेली होती.
वर चित्रा. ढेमसेंची खोली माझ्या पायाखाली.
पिशवीतून दुर्बीण काढली, डावी नळी अंगठ्यानं दाबली,
उतरत गेलो
साडेतीन मुठी.

पोळपाटावर पिठाचं बोट पुसावं,
एवढंच.
एक कोटी तारे म्हणतात. एक कोटी,
आणि पुरवठा सतरा हजार वर्षांपूर्वी निघालेला,
इतका दाब पडलेला
की श्वास लागला तर विझेल असं वाटलं.
मी श्वास धरला.

"काय दिसून राह्यलं जी?" खालून चेतराम.
"जम्पर पाहतो," मी म्हणालो.
गच्च्यांवर बायका पोरांना पदरानं वारा घालत होत्या.
कुणीतरी कंपनीला आईवरून शिव्या देत होतं,
अगदी लयीत.
एक लेकरू रडायचं थांबत नव्हतं.
फोन दोनदा वाजला.
तिसऱ्यांदा घेतला आणि परमिट परत केलं.

बेसाकडून उजेड धावत आला,
खांबामागून खांब, कूलरमागून कूलर,
आणि पीठ पुसलं गेलं.

रजिस्टरला लिहिलं:
२२:३५, फांदी हटवली, पुरवठा सुरळीत.
एकतीस ते पस्तीस कुठंच नाहीत.
त्या लेकराची चार मिनिटं
माझ्या वहीत आहेत, तारखेसकट.
आणि अडतीसला,
ते आपल्या सगळ्यात उंच जागी पोचलं तेव्हा,
मी शिडी बांधत होतो हॅलोजनखाली.

उद्या दहा चौतीस.