शेपटीतला डोळा

क्षेपणास्त्राला पुढचं काही दिसत नाही, ओरिस्या म्हणते.
त्याचा डोळा शेपटीत. ते मागे बघत जातं,
शाळेच्या फाटकातून आत ढकललेलं पोर
आईकडे बघत जातं, तसं.
आई इथे, तिपाईवर,
अंगठ्याखाली बोराएवढी कळ.

युद्धाआधी ती मिकोलायिवच्या बंदरात क्रेन चालवायची.
वाऱ्यात झुलणारं ओझं जहाजाच्या पोटात
अंडं ठेवावं तसं ठेवायची.
मी तिचा मदतनीस. नळी चढवायची, बाजूला व्हायचं,
खोकला आला तर गिळायचा.

पहाटे चार वाजून दहा. आधी आवाज:
कुणीतरी जुनी मोपेड घेऊन
आभाळाच्या चढाला लागलंय.
"ताडेय, खाली बस."
दणका. माझ्या दातांत वाळू.
आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं.
न दिसणाऱ्या उजेडाची दोरी
ती ड्रोनच्या पोटाला लावून धरते,
क्षेपणास्त्र दोरीच्या गाभ्यातून धावतं,
कडेला गेलं की त्याचं त्यालाच कळतं, परत मधे येतं.
तिची नजर ढळली तर तेही ढळेल.
बारा सेकंद. पापणी नाही. श्वास अर्धा.
मी मनात मोजतो,
सातनंतर नेहमी चुकतो.

फुटलं. केशरी, मग काळं,
मग टरबुजांच्या मळ्यात लोखंडाचा सडा.

दुसरं क्रूझ. नदीच्या वळणावळणाने,
लव्हाळ्यांचे शेंडे चाटत,
इतकं खालून की आधी बदकं उठली.
ती वळली, कमरेपासून, क्रेनसारखी.
अंगठा केसभर डावीकडे. केसभर वर.
लागलं.

तिसऱ्याच्या वेळी नदीने धुकं सोडलं.
उजेडाचं असंच, धुक्यात त्याचं पीठ होतं.
ती नुसत्या आवाजामागे वळत राहिली
आणि मोपेड आमच्या डोक्यावरून
शहराकडे गेली,
काही घाई नसल्यासारखी.
रेडिओवर दिशा सांगितली, उंची सांगितली,
पुढच्या कुणाच्या तरी अंगठ्यावर सोपवलं.

उजाडल्यावर पानास आजोबा हिशेब घेऊन आले:
फुटलेली टरबुजं अकरा.
बारावं त्यांनी आमच्यासाठी कापून आणलं होतं.
शहरात काय झालं, कुणी विचारलं नाही.
ओरिस्या बिया थुंकत होती,
आणि सालीवर तिचा अंगठा
अजून सरकत होता, केसभर डावीकडे,
केसभर वर.